‘आईचा फोन’ नावाची खूण

सोमवार, ३ फेब्रुवारी
सुकापूर, नवीन पनवेल

विनिता, पहिल्या दिवसापासून लिहितो असं तुला कबूल केलं होतं आणि आज तिसरा दिवस उजाडला. उशीर झाला, माफ कर. शनिवार सामान लावण्यात गेला आणि रविवारी चष्मा सापडेना. तो आभाच्या खेळण्यांच्या डब्यात निघाला. आता रोज नाही जमलं तरी दोन-तीन दिवसांनी लिहीन आणि रविवारी पानांचे फोटो काढून तुला मस्कतला पाठवीन. सातवी शिकलेल्या माणसाचं लिखाण आहे, जावईबापूंना वाचून दाखवू नकोस.

मी इथे आनंदात आहे हे आधी लिहितो, कारण तुला तीच काळजी. करंज्याला बंदरावरच्या आपल्या घराला कुलूप लावलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं, पण इथे आल्यावर बरं वाटलं. प्रणितचं घर सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीतून माथेरानचा डोंगर दिसतो. समुद्र कुठल्या अंगाला ते पहिल्या दिवशी कळेना, म्हणून जीव घाबरा झाला होता. संध्याकाळी वारा फिरला तेव्हा समजलं. आता खुर्ची त्या अंगाला तोंड करून ठेवली आहे.

येताना टोपलीभर बोंबील आणि सुकट आणली. गॅलरीत पसरल्यावर तासाभरात सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह दारात हजर. वासाची तक्रार आली आहे म्हणाले, फार नम्रपणे बोलले. जाताना थोडी सुकट कागदात बांधून घेऊन गेले आणि मिसेसला सांगू नका म्हणाले.

सूनबाई कोमल स्कूटरवरून कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाते, तिथे एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात हिशेब बघते. प्रणित घरूनच काम करतो, खोलीचं दार लावून. मी ठरवलं आहे की त्याला कधी हाक मारायची नाही. म्हाताऱ्या माणसानं घरात असून नसल्यासारखं राहावं. दुपारी आभाला खालच्या पाळणाघरातून आणणं एवढं काम मी मागून घेतलं आहे. ती मला आज्या म्हणते आणि माझी लाल टोपी कानापर्यंत ओढून घालते. टोपीसकट सोफ्यावर बसवून काढलेला तिचा फोटो तुला पाठवला आहे. हनुवटी बघ. तुझ्या आईची आहे. भीमा गेली आणि दहा महिन्यांनी ही जन्मली, एवढंच मनाला लागून राहतं. एकदा बघायला हवी होती तिनं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज प्रणितची खोली पाहिली. त्यानंच बोलावलं. टेबलावर तीन स्क्रीन आहेत आणि प्रत्येक स्क्रीनवर चार-पाच विंडो उघड्या. सगळीकडे बारीक इंग्रजी अक्षरं. त्यालाच कोड म्हणतात. मी विचारलं, एवढ्यातून तुला तुझी जागा कशी सापडते? तो कपाळाला हात लावून म्हणाला की तेच तर दुखणं आहे.

त्यानं समजावलं ते मला कळलं तसं लिहितो. एका ठिकाणचं वाचता वाचता दुसरीकडे उडी मारावी लागते, तिथून तिसरीकडे. कुठून कुठे गेलो याचा माग यंत्र ठेवतं. एक बटण धरून डावा बाण दाबला की मागच्या जागी नेतं, उजवा दाबला की पुढच्या. पण प्रत्येक विंडो फक्त आपापला माग ठेवते. या विंडोतून त्या विंडोत गेलास, हे कुणीच लिहून ठेवत नाही. मग दिवसभर हा माणूस आपल्याच पावलांमागे चुकलेला.

मी म्हटलं, म्हणजे प्रत्येक होडीला स्वतःच्याच खुणा ठाऊक. तो हसला आणि समुद्रावरच्या खुणांचं पुन्हा सांगा म्हणाला. लहानपणी ऐकलं होतं त्यानं. मग सांगितलं, द्रोणागिरीचा डोंगर आणि धक्क्यावरचा दिवा एका रेषेत आले की खाली जाळं टाकायची जागा. आणि धुक्यात चुकलो तर काय करायचं, तेही सांगितलं. अंदाजानं पुढे रेटायचं नाही. शेवटची खात्रीची खूण असेल तिथे परत यायचं, आणि तिथून नवी दिशा धरून निघायचं. माझ्या बापानं हेच शिकवलं आणि त्यानंच मी जिवंत राहिलो.

प्रणित सगळ्या विंडोंचा माग एकत्र बांधणारी एक गोष्ट तयार करतो आहे. त्याची एक सवय मला फार आवडली. काम मोडून उठावं लागलं की तो तिथे खूण ठेवतो आणि खुणेला नाव देतो. पण कोडमधलं नाही, घरातलं. ‘आभा रडली’, ‘गॅस आला’, ‘कोमल घरी’. कोडमध्ये काय करत होतो ते आठवत नाही, पण तेव्हा घरात काय चाललं होतं ते बरोबर आठवतं, असं म्हणाला. पार लग्नाआधीपासूनच्या खुणा आहेत, कारण हा विंडो कधी बंद करत नाही, नुसतं झाकण मिटून उठतो. दिवाळीत तू नेलास त्या जुन्या लॅपटॉपवरही त्याच्या विंडो तशाच झोपलेल्या आहेत. त्या बंद करू नकोस असं तुला कळवायला सांगितलं आहे. त्यातलं काहीतरी त्याला काढायचं आहे.

माझ्या नावाची खूण आहे का विचारलं. शोधून म्हणाला, नाय बाबा, तुमी कवा उठवलंतच नाय. तुझीही नाही, तू संध्याकाळी काम आटपल्यावर फोन करतेस ना. मला जरा अभिमान वाटला.

रविवार, ९ फेब्रुवारी

आभा शुक्रवारी सोफ्यावरून पडली. टीपॉयचा कोपरा हनुवटीला लागला आणि टाके घालावे लागले. प्रणित काम टाकून धावत आला होता. आता बरी आहे, पट्टीला हात लावून सगळ्यांना दाखवते.

पण एक लिहितो, तू मनावर घेऊ नकोस. काल प्रणितची ती गोष्ट चालू झाली. मला कौतुकानं बोलावून त्यानं मागे नेणारं बटण दाबून दाखवलं. एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, मासा उसळावा तशा जागा बदलत गेल्या. मी शाबास म्हणून बाहेर आलो. आभा सोफ्यावर बसली होती आणि तिच्या हनुवटीवर पट्टी नव्हती. टाकेही नव्हते. कातडी स्वच्छ. कोमलला विचारलं, पट्टी का काढली? तिनं विचारलं, कसली पट्टी?

मी खाली बसलो. पाणी प्यालो. पुन्हा पाहिलं तर पट्टी जागेवर आणि कोमल तिला औषध पाजत होती.

मोतीबिंदू असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मोतीबिंदू नाही. डोळे वयाच्या मानानं चांगले आहेत म्हणाले.

काल मी पोटभर जेवलो. बोंबलाचं कालवण होतं. हात धुऊन आलो तर ताट भरलेलं आणि कोमल म्हणते, बाबा, बसा ना, गार होतंय. मी जेवलो म्हटलं तर हसून म्हणाली, वासानंच पोट भरलं का? तिचं मन मोडू नये म्हणून पुन्हा जेवलो. रात्रभर पोट दुखलं. म्हणजे पहिलं जेवण पोटात होतंच, विनिता. पोट खोटं बोलत नाही.

आज दाराबाहेर बसून ऐकत राहिलो. तो मागचं बटण एकामागून एक दाबतो तेव्हा आतून टक टक असा वेगळा आवाज येतो. तो आवाज आला की घरातलं काहीतरी उलटं फिरतं. वाळत घातलेले कपडे पुन्हा बादलीत ओले. आभानं फोडलेला फुगा पुन्हा फुगलेला. तो पुढे गेला की सगळं जागेवर येतं. भिंतीवरचं घड्याळ मात्र सरळ चालतं. तारीख पुढे जाते आणि माणसं मागे जातात. त्यांना कुणालाच काही कळत नाही. मला एकट्याला कळतं, ते का, हा विचार दिवसभर केला. त्या खुणांमध्ये मी नाही म्हणून असेल.

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रणितला सांगितलं. आधी हसला. यंत्र फक्त अक्षरांची जागा दाखवतं, बाकी कशाला हात लावत नाही, असं मला हळू आवाजात समजावलं, जसं आपण आभाला समजावतो. रात्री दोघं कुजबुजत होते. सकाळी कोमलनं नव्या पनवेलमधल्या विसरभोळेपणाच्या डॉक्टरांचं नाव काढलं. ती वाईट बोलली नाही. म्हणाली की तुम्ही खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवता, तिकडे फार बघू नका, त्यानं माणूस मागचंच आठवत बसतो.

तुझा निरोप वाचला. आभाची हनुवटी आईचीच, असं तूही लिहिलंस, बरं वाटलं.

प्रणितच्या कामात कुठलीशी जुनी चूक निघाली आहे. ती शोधायला फार मागे जावं लागणार, पार सुरुवातीच्या दिवसांपर्यंत, असं तो जेवताना म्हणाला. मी ताट बाजूला सारलं. जाऊ नकोस म्हटलं. बुधवारी शिवजयंतीची सुट्टी आहे, तेव्हा निवांत बसून करीन म्हणाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळ

झालं. हातून झालं. सगळं लिहितो, नीट क्रमानं लिहितो, मग तू ठरव.

दुपारी कोमल आभाला दहीभात भरवत होती. खाली झेंडे लावलेल्या मोटारसायकलींची मिरवणूक चालली होती. मी गॅलरीत बोंबील उलटत होतो. आतून टक टक सुरू झालं ते थांबेचना. मी वळलो तर आभा बोलता बोलता गप्प झालेली. आत गेलो. आभा नाही. कोमल नाही. सोफा नाही, भिंतीवर लग्नाचा फोटो नाही. जमिनीवर एक गादी आणि सिगारेटचा वास. खाली ढोल चालूच होते.

खोलीतून प्रणित बाहेर आला. दाढी वाढलेली, हडकुळा, लग्नाआधी होता तसा. मला पाहून त्याला खरंच आनंद झाला. बाबा, तुमी कवा आलाव, म्हणाला. घरात दूध नाही, आणतो, म्हणून पायात चपला सरकवून खाली गेला. मी ओरडून थांबवायला हवं होतं. पण मी कधी त्याला हाक मारत नाही ना.

खोलीत गेलो. बटण कुठलं ते पाहून ठेवलं होतं. उजवा बाण दाबला. दाबत गेलो. प्रत्येक खुणेबरोबर बाहेर काहीतरी परत येत होतं, ते उघड्या दारातून दिसत होतं. लग्नाचा फोटो आला. कोमलच्या चपला आल्या. सोफा आला. मी रडत होतो आणि दाबत होतो. मग ‘आईचा फोन’ अशी खूण आली, आणि टेबलावरचा प्रणितचा मोबाइल वाजला. त्यावर लिहिलं होतं, आई.

मी उचलला.

“हालो. आवाज येतंय का? आरं, तुजा बापूस भायेर जालं शिवीत बसलाय, नायतर त्याला दिला असता. आमी दोगं मंगलवारी येताव. बोंबील आनतंय. कोमलला सांग, भात जास्त टाक.”

भीमाचा आवाज. शेवटी श्वास लागायचा तसा लागलेला. मी मोबाइल कानाला घट्ट धरून ठेवला. फोन बंद झाला.

तो फोन मला आठवतो. ती बोलत होती तेव्हा मी खरंच बाहेर जाळं शिवत होतो. मंगळवारी आम्ही निघणार होतो आणि आदल्या दिवशी ती चुलीपाशी पडली. तो मंगळवार आलाच नाही.

स्क्रीनवर पुढच्या खुणांची नावं दिसत होती. लगेच पुढची होती, ‘आई गेली’. तिच्या खाली, बऱ्याच खाली, ‘आभा झाली’. उजवा बाण आणखी एकदा दाबायचा होता आणि माझं बोट उठेना. आपल्या हातानं तिला पुन्हा मारायचं, विनिता? आत्ता तिचा आवाज कानात होता.

लिफ्टचा आवाज आला. मी गोंधळलो. तेव्हा बापाचं शिकवणं आठवलं. चुकलास तर खात्रीच्या खुणेवर थांब आणि तिथून नवी दिशा धर. मला वाटलं, ही खूण खात्रीची आहे. इथून वाट बदलून निघालो तर मधलं मरण टाळून थेट आभापाशी पोचता येईल. म्हणून प्रणित करतो तशी मी नवी खूण केली आणि एका बोटानं इंग्रजी अक्षरं शोधून आभाचं नाव लिहिलं. मोठं बटण दाबलं.

खालची सगळी नावं गेली. ‘आई गेली’ गेली. ‘आभा झाली’ गेली. मी लिहिलेलं आभा तेवढं उरलं, आणि त्याच्या पुढे काही नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रणित आहे, कोमल आहे. आभा नाही. तिच्या पलंगाच्या जागी व्यायामाची सायकल आहे. पाळणाघराच्या बाईंना विचारलं, त्यांनी रजिस्टर न उघडताच मान हलवली.

प्रणितला वाटतं मी करंज्याहून सहज राहायला आलो आहे. आई तिकडे एकटी का ठेवली, म्हणून तो माझ्यावर नाराज आहे.

सकाळी न राहवून कोमलला विचारलं, आभा कुठे आहे? तिच्या हातातला चहा सांडला.

“हे नाव मी कुणालाच सांगितलेलं नाही, बाबा. प्रणितलाही नाही. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून मनातच होतं. तुम्हाला कुणी सांगितलं?”

मग स्वयंपाकघरात नळ सोडून रडत राहिली. डॉक्टर चालू आहेत असं प्रणित मला बाजूला घेऊन म्हणाला, असं काही बोलत जाऊ नका. मी काय बोलणार? ती दोन वर्षांची होती. माझी टोपी घालायची.

मोबाइलमध्ये तिचा तो फोटो उघडून पाहिला. सोफा आहे. सोफ्यावर माझी टोपी आहे, जरा उभी, जशी डोक्यावर असावी तशी. खाली कोणी नाही.

तुला आजवरची सगळी पानं पाठवली. एकच टिक येते आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रणितला नीट विचारलं, यंत्राचं म्हणून विचारलं, घराचं नाही. मागे जाऊन तिथून नवी खूण केली तर पुढचं परत मिळतं का? नाही म्हणाला. मागे नुसतं गेलात तर पुढचं शिल्लक असतं. पण मागे जाऊन वेगळीकडे पाऊल टाकलंत की पुढची जुनी वाट यंत्र पुसून टाकतं. ती वाट राहतच नाय, बाबा.

समुद्रावर असं नसतं. समुद्रावर जुनी वाट तिथेच असते, आपण नसतो फक्त.

मी तेच पुन्हा पुन्हा विचारलं. त्याला दया आली असेल. म्हणाला की एकत्र बांधलेल्या विंडोंचंच असं होतं. एखादी विंडो न बांधलेली वेगळी कुठे राहिली असेल तर तिचा माग तिच्याकडे असतो, एकीचं कापलं म्हणून दुसरीचं कापत नाही.

दुसरी विंडो. तुझ्याकडचा लॅपटॉप, विनिता. दिवाळीचा. त्यात आभाची खूण असेल. असायलाच हवी.

तुला फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही म्हणतात. तू गेल्या वर्षी बदललास ना नंबर, तोच नवा लावला होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

फोन रोज येतो आहे. दुपारी, जेवणाच्या सुमाराला. आईचा.

रोज तेच. हालो, आवाज येतंय का. बापूस बाहेर जाळं शिवतोय. दोघं मंगळवारी येताव. भात जास्त टाक. मध्ये श्वास लागतो तोही त्याच जागी.

आज प्रणितनं स्पीकर चालू केला. बाबा इथेच माझ्यापाशी आहेत, असं तिला सांगितलं. ती थांबली नाही. त्याच्या बोलण्यावरून तिचं बोलणं तसंच पुढे गेलं. फोन बंद झाल्यावर तो हसला, म्हातारी विसरभोळी झाली म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

मी तिचं नाव घेऊन बोललो होतो. भीमा म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं ऐकलं नाही. त्या खुणेत ती फक्त आवाजापुरती होती. तेवढीच परत आली आहे. बाकीची भीमा नाही.

आणि बाहेर जाळं शिवत बसलेला तो कोण? मी तर इथे आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

करंज्याला आपल्या शेजारच्या जीवनला फोन केला. आमचं घर बंद आहे ना, विचारलं. तो म्हणाला, काशिरामकाका, चेष्टा करताव का? आता तर ओट्यावर दिसलाव. हाक मारली तर मान वर नाय केलीत.

मी फोन ठेवला. पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

अजून एकच टिक.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज चुलीपाशी पडायचा दिवस. त्या वेळी अशाच सोमवारी ती — मी सकाळपासून वाट बघत होतो. देवा, बायको पडावी म्हणून वाट बघणारा मी.

पडली नाही. दुपारी फोन आला. तेच सगळं. फक्त एक शब्द वेगळा होता. मंगलवारी म्हणाली नाही. उद्या म्हणाली.

कोमलनं तांदूळ काढून ठेवला आहे. आनंदात आहे ती, सासूबाई येणार म्हणून. प्रणितला म्हटलं, दार उघडू नका. त्यानं मला गोळी दिली, मी जिभेखाली धरून थुंकली.

त्याच्या खोलीला आता तो कुलूप लावतो. माझ्यामुळे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. सकाळ

विनिता, हे पान आधी वाच, मागची नंतर.

तूही खुणांमध्ये नाहीस. तुला आठवत असेल. तू लिहिलं होतंस, हनुवटी आईची म्हणून. तुझ्या मोबाइलमध्ये तो फोटो बघ. सोफ्यावर मूल दिसतंय का, एवढंच सांग.

दिसत असेल तर लॅपटॉप उघड. विंडो बंद करू नकोस. उजव्या बाणाशिवाय कशावर बोट ठेवू नकोस, काही लिहू नकोस. मी लिहिलं, तू लिहू नकोस. ‘आईचा फोन’च्या पुढे नावं असतील. ‘आभा झाली’ असेल. तिथवर नुसतं पुढे जा. मधे ‘आई गेली’ येईल. थांबू नकोस तिथे. तुला वाटेल तू तिला — नाही. ती गेलेलीच आहे. तू विमानानं आली होतीस, माझा हात धरून बसली होतीस, आठव. हे जे बोलतंय ते तुझी आई नाही.

माझी भीमा असती तर तिनंच सांगितलं असतं, पोरीला आधी आणा म्हणून.

दुपार

आज फोन आला नाही.

कुकरची शिट्टी झाली. भात जास्त टाकला आहे.

लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली. बोंबलाचा वास येतो आहे. आपले गॅलरीतले नाहीत, ओले आहेत, ताजे.

बेल वाजली —

बाहेरून आवाज. दारातून तोंड लावून बोलावं तसा. हालो. आवाज येतंय का.

पुन्हा. हालो. आवाज येतंय का.

दाराच्या भोकातून पाहिलं. तिचं लुगडं आहे, वर चेहऱ्याच्या जागी — मला नीट — तिच्या मागे एक माणूस, डोक्यावर टोपली धरून, मान खाली. लाल टोपी. माझी टोपी इथे खिळ्यावर आहे. मी हात लावून पाहिली. आहे.

तो मान वर करतो आहे —

कोमल हात पुसत येते आहे. मी दाराला पाठ लावून बसलो आहे, वही गुडघ्यावर. ती म्हणते सरका बाबा, आई बाहेर उभ्या आहेत. प्रणित मला उठवायला — त्याला मी आज पहिल्यांदा हाक मारली. मोठ्यानं मारली. तो थांबला, बघतो आहे.

विनिता, फोटोत पोर आहे का, तेवढं कळव. एक अक्षर पाठव. लवकर कळव, कडी निघते आहे, मी धरतो तोवर तू पुढचं —